सोसायटीतला खतखड्डा सडलाय, वर पाचोळाही जाळतात. काय करावं?

कर्वेनगरी | 3 फेब्रुवारी, रात्री 10:40

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज सकाळी गच्चीत कपडे वाळत घालताना डोळे इतके चुरचुरले की ठरवलं, आता लिहायचंच.

आमची सोसायटी पुण्यात कर्वेनगरला. चार विंग, 64 फ्लॅट. बिल्डरने मागच्या भिंतीला लागून खतासाठी सहा खड्डे बांधून दिलेत, म्हणायला खड्डे पण जमिनीच्या वरच, विटांचे हौद, वर जाळीची झाकणं. पहिली दोनेक वर्षं बरे चालले, मग बघणारा माणूस सोडून गेला, मग नुसतंच ओलं ओतत राहिले आणि आता त्यात काळं पाणी साठून असा वास मारतो की बी विंगच्या तळमजल्यावरच्या काकूंनी मागची खिडकी वर्षभर उघडलेली नाही. सध्या सगळा ओला कचरा सरळ बाहेर गाडीत जातो.

दुसरं दुखणं पाचोळ्याचं. आवारात दोन मोठे पर्जन्यवृक्ष (रेन ट्री हो), तीन देशी बदाम, आंबा. आता पानगळ सुरू झालीये. मावशी सकाळी झाडून ढीग करतात आणि साडेसहाला वॉचमन काडी लावतो. सासूबाईंना दमा आहे. तीनदा सांगून झालं, तो "हो ताई" म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी मागच्या कोपऱ्यात लावतो.

कमिटीला यावर ओल्या कचऱ्याचं खत करायचं मशीन घ्यायचंय. कोटेशन सात लाखांच्या घरात, वर लाईट बिल आणि चालवायला माणूस. पुढच्या महिन्यात जनरल बॉडी आहे. मशीन घ्यावं का? ते हौद सुधारतील का? आणि जाळणं कसं थांबवायचं?

बोरकूट | 3 फेब्रुवारी, रात्री 11:15

मशीन अज्जिबात घेऊ नका!! आमच्याकडे (वाकड साइड) घेतलं होतं. 24 तासांत खत म्हणून जे बाहेर येतं ते नुसतं वाळवून बारीक केलेलं अन्न असतं. मी हौसेने गुलाबाला घातलं, पाणी पडल्यावर दोन दिवसांत वर पांढरी बुरशी आणि गुलाब गेला. नंतर कळलं की ते पुढे काही आठवडे मुरवायचं असतं, आणि मुरवायला जागा लागते, म्हणजे परत हौद आलेच की. मग मशीन कशाला? आता त्यावर दिवाळीच्या माळा ठेवतात.

लोकलवाला | 4 फेब्रुवारी, सकाळी 8:52

राग मानू नका पण ही सगळी पुणेरी करमणूक आहे. आमच्या मुंबईत देवनारला 1927 पासून कचरा टाकतायत, डोंगर झालेत डोंगर. 2016 च्या जानेवारीत आग लागली तेव्हा कित्येक दिवस धूर होता, शाळा बंद ठेवाव्या लागल्या. तुमच्या 64 घरांच्या भाजीच्या देठांनी काय फरक पडणार? कंपन्यांना धरा, महापालिकेला धरा.

(ट्रेनमधून लिहितोय, शुद्धलेखन माफ)

ताम्हण | 4 फेब्रुवारी, दुपारी 2:20

कर्वेनगरी, तुमच्या पहिल्या दुखण्याचं औषध दुसऱ्यात आहे आणि तुमचा वॉचमन ते रोज सकाळी साडेसहाला जाळतोय.

हौद सडतात ते नुसतं ओलं टाकल्यामुळे. भाजीपाला, उरलेलं अन्न, चहाचा चोथा यात पाणी आणि नायट्रोजन भरपूर, कार्बन कमी. ओल्यावर ओलं पडलं की ते दबतं, मधली हवा जाते, आणि बिनहवेचे जिवाणू कामाला लागले की तो तुम्ही म्हणताय तो वास. कार्बन आणि नायट्रोजन साधारण 25-30 ला 1 या प्रमाणात असले की ढीग नीट चालतो. पण हे आकडे विसरा, बादलीचा हिशोब लक्षात ठेवा, एक बादली ओलं तर दोन ते तीन बादल्या सुका पाला. पाला कार्बनही देतो आणि मध्ये हवाही खेळती ठेवतो.

पर्जन्यवृक्षाची पानं बारीक असतात, पटकन कुजतात, सोन्यासारखा माल आहे तो. बदाम आणि आंब्याची पानं जाड, चिवट, त्यांना वेळ लागतो, पोत्यात भरून त्यावर नाचायचं, चुरा होतो. आमच्याकडे पोरांना हे काम दिलं की परत मागायला येतात.

आधी हौदाच्या तळात हात घालून बघा (म्हणजे काठीने). माझा अंदाज, बिल्डरने खाली सिमेंटचा कोबा केला असणार. पाणी जाणार कुठे?

@लोकलवाला, देवनारची आग इतके दिवस धुमसत राहिली ती कशामुळे? ओलं खाली दबून सडतं, त्यातून मिथेन निघतो, तो पेटतो. म्हणजे ती भाजीची देठंच पेटतात हो शेवटी.

लोकलवाला | 4 फेब्रुवारी, संध्याकाळी 7:31

बरं. मिथेनचा मुद्दा मान्य. कंपन्यांचा मुद्दा मी सोडलेला नाही.

घाटावरची | 4 फेब्रुवारी, रात्री 9:05

जनरल बॉडीत बोलायला मुद्दे हवे असतील तर घ्या. 2026 पर्यंत लागू असलेल्या 2016 च्या घनकचरा नियमांमध्ये दिवसाला 100 किलोपेक्षा जास्त कचरा असणारे ते मोठे कचरा निर्माते होते, हे सगळ्यांना माहीत असतं आणि "आपला तेवढा नाही" म्हणून कमिट्या सुटतात. पण त्याच नियमांत 5,000 चौरस मीटरपेक्षा मोठ्या गेटबंद सोसायट्यांचं कलम वेगळं होतं, त्यांनी ओलं शक्य तेवढं आवारातच जिरवायचं. तुमच्या प्लॉटचा आकडा काढा आधी.

जाळण्याबद्दल, राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर 2016 मध्ये उघड्यावर कचरा जाळायला देशभर बंदी घातलीये, साध्या जाळण्याला 5,000 आणि मोठ्या प्रमाणावर असेल तर 25,000 रुपये दंड. आमच्याकडे हा कागद नोटीस बोर्डावर लावल्यावर सेक्रेटरी साहेबांना एकदम पर्यावरणाचं प्रेम उफाळून आलं.

आणि गाजर पण आहे. पुणे मनपा गांडूळखत, सोलर, पावसाचं पाणी साठवणं यातलं एक असेल तर मिळकतकरातल्या सर्वसाधारण करात 5 टक्के आणि दोन असतील तर 10 टक्के सूट देते, अर्थात प्रकल्प चालू असला तर. सडका हौद दाखवून नाही.

कर्वेनगरी | 5 फेब्रुवारी, रात्री 10:02

सगळ्यांचे आभार. आज दोन कामं केली.

एक, काठी घातली. ताम्हण, खाली कोबाच आहे!

दोन, वॉचमनला दंडाचा कागद दाखवण्याआधी मावशींशी बोलायला गेले आणि बरं झालं गेले. त्या म्हणाल्या, ताई गाडीवाला पाला घेत नाही, म्हणतो भाजीचाच द्या. मग मी सात-आठ बोचकी कुठे नेऊ? तुमच्याच गाड्यांच्या मागे ठेवली तर तुम्हीच ओरडता. जाळलं की दहा मिनिटांत काम संपतं, पुढच्या दोन सोसायट्या असतात मला. आता यावर काय बोलणार. मी वर्षभर वॉचमनला शिव्या घालत होते आणि पाला ठेवायला जागा कुणीच दिली नव्हती. त्या म्हणाल्या पोती द्या, भरते मी.

किराणावाल्याकडून गव्हाची रिकामी पोती आणलीत, वीस. जागा मीटररूमच्या मागे.

गवती_चहा | 5 फेब्रुवारी, रात्री 11:48

मीटररूमच्या मागे सुका पाला?? अहो आग लागेल ना!

कर्वेनगरी | 6 फेब्रुवारी, सकाळी 7:10

अरे देवा. हलवते. पाण्याच्या टाकीकडे.

बंगळुरूकर | 6 फेब्रुवारी, दुपारी 1:15

नागपूरची, पण बारा वर्षं बंगळुरात. इथे एचएसआर लेआउटला स्वच्छाग्रह कलिका केंद्र आहे, घरातल्या डब्यापासून सोसायटीच्या जाळीच्या हौदापर्यंत सगळे प्रकार मांडून ठेवलेत, हात लावून बघता येतात, कोणी इकडे आलात तर जरूर जा. मी स्वतः डेली डंप कंपनीचे मातीचे तीन मजली मडके वापरते, बाल्कनीत. माती श्वास घेते म्हणून वास कमी.

विरजणाचं कोणी बोललं नाही अजून! नव्या ढिगाला जुनं तयार खत दोन घमेली घालायचं, नसेल तर आंबट ताक शिंपडायचं. दही लावतो तस्संच.

सांडगे_मिरची | 6 फेब्रुवारी, दुपारी 3:33

इथे हुशार लोक जमलेत म्हणून विचारते, आरओ फिल्टरच्या बाजूच्या नळीतून जे पाणी वाहून जातं त्याचं काय करता? आमच्याकडे एक हंडा पिण्याचं भरेपर्यंत दोन हंडे मोरीत जातं. जीव तुटतो.

घाटावरची | 6 फेब्रुवारी, दुपारी 4:01

फरशी पुसा, संडासात वापरा, झाडांना रोज नको कारण क्षार जास्त असतात. पण आधी आरओ लागतो का ते बघा. हरित लवादाने 2019 मध्ये म्हटलं होतं की टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) 500 च्या खाली असेल तिथे आरओ नकोच. मी ऑनलाइन दोनशे-अडीचशे रुपयांचं मीटर मागवलं आणि खडकवासल्याचं नळाचं पाणी मोजलं, 70 च्या आसपास. साधा यूव्ही पुरला असता, मी चौदा हजार घालवून बसले होते. टँकर-बोअरचं पाणी असेल तर गोष्ट वेगळी.

बोरकूट | 6 फेब्रुवारी, संध्याकाळी 6:20

मग मी पण विचारून घेतो, गणपती पीओपीचा होता, घरी बादलीत विसर्जन केलं तर विरघळतच नाही.

ताम्हण | 6 फेब्रुवारी, रात्री 8:44

नुसत्या पाण्यात नाहीच विरघळत. अमोनियम बायकार्बोनेट लागतं, जे बेकरीवाले बिस्किटं फुगवायला वापरतात. एनसीएलच्या (पुण्यातली राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) शास्त्रज्ञांनी पद्धत बसवली आणि पुणे मनपा गणपतीच्या दिवसांत फुकट वाटते. ढोबळ मानाने मूर्तीच्या वजनाइतकी पावडर, मूर्ती बुडेल एवढं पाणी, मधूनमधून ढवळायचं, दोन-तीन दिवस. वर अमोनियम सल्फेटचं पाणी राहतं, भरपूर पातळ करून झाडांना चालतं, खाली चुनखडी बसते. खोलीत नको, गॅलरीत ठेवा, अमोनियाचा वास नाकात जातो. पुढच्या वर्षी शाडूचा आणा म्हणजे हा उद्योगच नको.

धागाराखी | 6 फेब्रुवारी, रात्री 9:00

आरओ आणि गणपतीसाठी वेगळे धागे काढा कृपया. इथे कचरा.

सांडगे_मिरची | 6 फेब्रुवारी, रात्री 9:03

"इथे कचरा" :)))

कर्वेनगरी | 26 फेब्रुवारी, रात्री 9:30

अपडेट द्यायला उशीर झाला, सॉरी. सगळ्या सोसायटीला एकदम हात घालायचा नाही असं ठरवलं. फक्त ए विंग, 16 घरं. आठवडाभर आमच्या घरचं ओलं वजनकाट्यावर टाकलं, चार माणसांचं रोजचं सरासरी 700 ग्रॅम निघालं, म्हणजे विंगचं साधारण 11 किलो. बादलीत घातलं तर एक बादली थोडी उतू जाते एवढंच. दिसायला काहीच नाही हो, आणि एवढ्यासाठी सात लाख.

एक हौद रिकामा केला. तो रविवार मी विसरणार नाही. आतला काळा चिखल पाल्यात कालवून ताडपत्रीवर पसरला, दुपारपर्यंत सी विंगमधून तीन फोन आले आणि संध्याकाळी वास गेलेला होता. गवंड्याला बोलवून तळाला चार भोकं पाडली, बाजूच्या भिंतीतली एकाआड एक वीट काढली. तळाला विटांचे तुकडे, त्यावर सुक्या काटक्या, त्यावर वीतभर पाला, मग विरजण (शेजारच्या नर्सरीतून एक पोतं खत). दहा दिवस झाले, रोज ओलं आणि त्यावर पाला, शेवटचा थर नेहमी पाल्याचा.

विंगमधल्या लोकांना वेगळं काढायला लावणं हे खरं काम निघालं. पहिल्या दिवशी बादलीत काय काय असावं? दुधाच्या पिशव्या, पेनाची टोपणं, निर्माल्य दोऱ्यासकट, आणि डायपर. कचरा घेणाऱ्या ताई ("स्वच्छ" या कचरावेचकांच्या संस्थेच्या) म्हणाल्या, आम्ही हे रोज हाताने काढतो, तुम्ही आज बघितलं. काही सुचेना बोलायला. आता लिफ्टमध्ये कागद लावलाय, पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढायचा आणि वेगळं द्यायचं. सोळापैकी बारा घरं करतात. चार घरांना रोज बेल.

घाटावरची | 26 फेब्रुवारी, रात्री 10:11

बारा म्हणजे खूप झाली! त्या ताईंची संघटना, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत, 1993 पासून हेच सांगतेय, की कचरा घरातच वेगळा करा. आपल्याला एक बादली उपसायला लागल्यावर समजतं.

कर्वेनगरी | 10 मार्च, सकाळी 7:48

मदत! झाकण उघडलं तर अळ्या. शेकडो. बोटाच्या पेराएवढ्या, करड्या, वळवळतायत. बी विंगच्या काकूंनी फोटो काढून ग्रुपवर टाकलाय आणि खाली लिहिलंय "हेच बघायचं राहिलं होतं". चेअरमन म्हणतात फिनाईल ओता.

ताम्हण | 10 मार्च, सकाळी 8:05

फिनाईल नको!!! थांबवा त्यांना.

ताम्हण | 10 मार्च, सकाळी 8:22

हां, आता सविस्तर. चपट्या, करड्या-तपकिरी, अंगावर वळ्या असलेल्या असतील तर त्या ब्लॅक सोल्जर फ्लायच्या अळ्या. उष्टं-खरकटं भराभरा खातात, तुमचंच काम करतायत. त्यांची मोठी माशी अन्नावर बसत नाही, घरमाशीसारखी रोग पसरवत नाही. पण त्या एवढ्या झाल्या याचा अर्थ वरचा थर ओला आहे. मूठभर घेऊन दाबा. बोटांतून धार लागली तर जास्त ओलं, एखाद-दुसरा थेंब आला तर बरोबर, काहीच नाही आलं तर पाणी शिंपडा. आज फक्त पाला घाला, दोन पोती, आणि फावड्याने खालवर करा.

कर्वेनगरी | 10 मार्च, रात्री 9:15

धार लागली :( नंतर कळलं, आठ तारखेला तिसऱ्या मजल्यावर बारसं होतं, पातेलंभर मठ्ठा आणि रस्सा कोणीतरी थेट हौदात ओतलेला. अडीच पोती पाला गेला. काकूंच्या खिडकीखाली जाऊन स्वतः नाक लावून आले, वास नाहीये पण काकूंचं मन कोण बदलणार.

लोकलवाला | 11 मार्च, सकाळी 8:50

मठ्ठा म्हणजे विरजण जास्त झालं की काय.

कर्वेनगरी | 24 मार्च, रात्री 10:20

हौद भरला, झाकून ठेवला, दुसरा सुरू केला. आज पहाटे मावशींनी बोलावून दाखवलं, ढीग उकरला की आतून वाफ येते. हात घालवत नाही इतका गरम. मावशी म्हणाल्या, आमच्या गावच्या उकिरड्याला थंडीत अशीच वाफ यायची, कुत्री निजायची वर. त्यांनीच सांगितलं दर आठ दिवसांनी वरचं खाली करा, ते काम आता वॉचमन करतो, कमिटीने दोघांना महिना पाचशे जास्त ठरवलेत. जनरल बॉडीत मशीनचा विषय आला तेव्हा बोरकूटांची दिवाळीच्या माळांची गोष्ट सांगितली, सगळे हसले, विषय पुढे ढकलला. रद्द नाही, ढकलला.

जाळणं बंद झालंय, निदान आमच्या गेटच्या आत. शेजारच्या प्लॉटवर अजून धूर निघतो.

बोरकूट | 24 मार्च, रात्री 10:41

रॉयल्टी पाठवा.

कर्वेनगरी | 28 मे, संध्याकाळी 7:05

आज पहिला हौद उपसला आणि चाळला. चाळणीवर आंब्याच्या पानांच्या शिरा, लिंबाची तीन अख्खी सालं, नारळाची शेंडी, एक चमचा (स्टीलचा, मालक सापडला), बाकी सगळं खाली. काळंभोर, चहाच्या पत्तीसारखं मोकळं, पहिल्या पावसानंतर येतो तसा वास. सहा पोती भरली. दोन ए विंगच्या कुंड्यांना, तीन आवारातल्या झाडांना. उरलेलं एक मी काकूंच्या दारात ठेवून आले, त्यांच्या तुळशीसाठी. अजून प्रतिक्रिया नाही.

आता नवी काळजी. जूनपासून बी विंगला पण घ्यायचंय, म्हणजे पाला दुप्पट लागणार, रोजची दोन पोती. पावसाचे चार महिने धरले तर अडीचशेच्या आसपास, आणि आमच्याकडे शिल्लक फक्त नव्वद. पावसात नवा पाला मिळणार नाही, मिळाला तरी भिजलेला.

घाटावरची | 28 मे, संध्याकाळी 7:40

ब्राउन लीफवाल्यांना विचारा, पुण्यातच आहेत. ज्याच्याकडे पाला जास्त आहे आणि ज्याला हवाय त्यांची गाठ घालून देतात. अगदीच कमी पडलं तर वखारीतून लाकडाचा भुसा आणा, फक्त प्लायचा नको, त्यात डिंक आणि केमिकल असतं.

गवती_चहा | 28 मे, रात्री 9:12

मी एरंडवण्यात राहते, जुना बंगला, फणस आणि दोन आंबे. या धाग्यामुळे फेब्रुवारीपासून जाळलं नाहीये, गॅरेजमध्ये 35 पोती पडलीत आणि हे रोज विचारतात गाडी कुठे लावू. घेऊन जा.

कर्वेनगरी | 28 मे, रात्री 9:15

शनिवारी सकाळी येऊ का? छोटा टेम्पो ठरवते. व्यनि (खाजगी निरोप) करते, पत्ता तिकडेच द्या.

गवती_चहा | 28 मे, रात्री 9:21

या. पोती मात्र परत आणून द्या, पुढच्या वर्षी लागतील.